रेणूला पाजलं नाही, तो दिवस

“घे हिला, पाज आधी,” म्हणत आत्याबाईंनी रेणूला माझ्या मांडीवर ठेवलं आणि त्या उंबऱ्यातच बसल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. रेणू माझ्या थोरल्या जावेची, शिवकांताबाईंची मुलगी, चार महिन्यांची. रडून रडून तिचा आवाज बसला होता. मांडीवर येताच तिला दुधाचा वास आला आणि ती तोंड उघडून मान इकडून तिकडं फिरवायला लागली. माझा चैतन्य तेव्हा तीन महिन्यांचा. तो आत झोळीत झोपला होता. माझ्या अंगावर दूध इतकं होतं, की रेणूच्या नुसत्या रडण्यानं माझं पोलकं भिजायला लागलं होतं.

मी तिला उचललं आणि परत आत्याबाईंच्या हातात दिलं.

“माझ्यानं नाही होणार,” मी म्हणाले.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. आत्याबाईंचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. राग नंतर आला. आधी मी काय बोलले तेच त्यांना उमगलं नाही.

आमचं घर गावात नव्हतं, शेतात होतं. आमच्याकडं त्याला आखाडा म्हणतात. मार्च लागला होता आणि हळद शिजवायचं काम जोरात होतं. माझा नवरा भागवत हळद शिजवायला भाड्यानं फिरणाऱ्या एका बॉयलरवर कामाला होता. हंगामात तो पंधरा-पंधरा दिवस घरी यायचा नाही, त्या दिवशीही नव्हता. आमची हळद थोरले दीर मुंजाजी, शिवकांताबाई आणि दोन-तीन मजूर मिळून शिजवत होते. दहा-साडेदहाला वाफेची नळी निसटली आणि उकळतं पाणी शिवकांताबाईंच्या दोन्ही पायांवर आलं. मुंजाजीभावजींनी त्यांच्या पायांवर घागरभर गार पाणी ओतलं, ओली चादर गुंडाळली, मोटारसायकलवर त्यांना मधे बसवून मागं एक मजूर घेतला आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्याकडं गाडी काढली. त्या धावपळीत रेणू घरीच राहिली.

तिला अंगावरच्या दुधाशिवाय दुसरं काही माहीत नव्हतं. आत्याबाईंनी शेळीचं दूध पाणी घालून उकळलं, चमच्यानं देऊन पाहिलं. तिला ठसका लागला, होतं ते सगळं उलटलं. कापसाच्या बोळ्यानं देऊन पाहिलं, तेही नको. तेव्हा त्या तिला माझ्याकडं घेऊन आल्या. घरात दुसरी पाजणारी बाई असताना लेकरू दोन तास का रडवलं, म्हणून स्वतःवरच चिडत आल्या होत्या.

“काहून नाही होनार?” त्यांनी विचारलं.

मला ताप आहे, मी म्हणाले. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. मग मी म्हणाले, दूध आटलंय. त्यांनी माझ्या भिजलेल्या पोलक्याकडं पाहिलं. मी पदर पुढं ओढून घेतला.

“भांडनाचा राग या लेकरावर काढायलीस,” त्या म्हणाल्या.

भांडण झालं होतं, हे खरं. बाळंतपणाच्या आधीपासूनच मला सकाळी उठवत नसे. डोळे उघडले की आढं गरगर फिरायचं. रात्री घाणेरडी स्वप्नं पडायची. लेकरू विहिरीच्या काठाशी रांगतंय आणि मला हात उचलता येत नाही, असली. घर चारला उठायचं आणि मी भिंतीला धरून चालायची. एकदा दुधाचं पातेलं हातातून सुटलं. एकदा मीच चुलीपाशी पडले, आणि चैतन्य काखेत होता. शिवकांताबाईंना वाटायचं, मी सोंग करते. त्या स्वतः ओल्या बाळंतीण असल्यापासून कामाला लागलेल्या. हळदीचा हंगाम सुरू झाला त्या दिवशी त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, धाकटी सून कामाला आणली का झोपायला, ते एकदा ठरवा. तेव्हापासून आम्ही दोघी कामापुरतंच बोलत होतो.

आणि तेव्हापासून मी एकदम बरीही झाले होते. गेले तीन आठवडे चारच्या आधी उठत होते, दोन घमेली जास्त उचलत होते. हे कसं झालं, ते मला एकटीलाच ठाऊक होतं.

मजूर बाया दारात जमल्या. एक म्हणाली, तिच्या माहेरी शेजारणीनं शेजारणीचं लेकरू वर्षभर पाजलं होतं. दुसरी नुसती माझ्याकडं बघत राहिली, ते जास्त लागलं. रेणूचा आवाज आता येत नव्हता, नुसतं तोंड उघडत होतं. ते मला बघवेना.

“द्या तिला इकडं,” मी आत्याबाईंना म्हणाले. “मी तिच्या आईकडं नेते तिला.”

चौदा किलोमीटर, असल्या उन्हात, दोन लेकरं घेऊन, असं त्यांनी सुनावलं. त्यांचे गुडघे धरलेले होते, त्यांना येणं शक्य नव्हतं. मी जुन्या लुगड्यानं चैतन्यला पाठीशी बांधलं, रेणूला पदराखाली घेतलं आणि निघाले. मागून त्या म्हणाल्या, “रेणूला काही झालं तर या घरात पाय ठेवू नको.” मी मागं वळले नाही.

रस्त्यापर्यंत अर्धा तास चालावं लागलं. मग काळीपिवळी जीप मिळाली. ती गच्च भरलेली होती, तरी एका म्हातारीनं सरकून मला जागा दिली. रेणू माझं पोलकं तोंडात धरून चोखत होती आणि मी ते सोडवत होते. म्हातारी म्हणाली, बाई, पाज की, इथं लाजायला कोण आहे. तेवढ्यात चैतन्य उठला आणि तोही रडायला लागला. त्याला पाजायला हवं होतं. पण एकीला तोंडाजवळून दूर सारून त्याच जीपमध्ये दुसऱ्याला पाजायला घ्यायचं, ते काही माझ्यानं झालं नाही. दोघंही उपाशी, माझ्या दोन्ही छात्या दगडासारख्या झालेल्या, आणि जीपमधले सगळे माझ्याकडं बघत होते. जुळी आहेत का, असं कुणीतरी विचारलं. मी हो म्हणाले.

शिवकांताबाई बायकांच्या वॉर्डात शेवटच्या खाटेवर होत्या. दोन्ही पायांवर गुडघ्यापर्यंत पांढरं मलम होतं. मला पाहून त्यांनी हात पुढं केले. रेणूनं आईला असं पकडलं की बराच वेळ तिच्या गटागटा पिण्याचाच आवाज येत होता. मुंजाजीभावजी बाहेर औषधं आणायला गेले होते. घरून फोन येऊन गेला होता, हे मला जाऊबाईंच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

“माझा राग असंल तर मला शिव्या द्यायच्या व्हत्या,” त्या म्हणाल्या. “या लेकरानं तुझं काय केलं व्हतं?”

“राग नव्हता.”

“मग?”

शेजारच्या खाटेवरची बाई भिंतीकडं तोंड करून झोपली होती. मी स्टूल ओढलं आणि त्यांच्या उशाशी अगदी जवळ बसले.

“मला एचआयव्ही आहे, जाऊबाई. पाचव्या महिन्यात रक्त तपासलं तेव्हा निघालं. यांनाही आहे. दुधातून लेकराला होऊ शकतं. म्हणून नाही पाजलं.”

हे शब्द मी तोवर घरातल्या कुणासमोर उच्चारले नव्हते. भागवतनं मला शपथ घातली होती. त्या आता लेकराला घट्ट धरून मला लांब व्हायला सांगतील, असं वाटून मी अर्धी उठलेच होते. त्यांनी तसं काही केलं नाही. त्या आधी माझ्याकडं आणि मग माझ्या मांडीवर कण्हणाऱ्या चैतन्यकडं बघत राहिल्या.

“मग याला कसं पाजतीस?” त्यांनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. एक आई दुसरीला विचारते तसं त्यांनी विचारलं होतं. आणि याचं उत्तर मला पाठ होतं. याच दवाखान्यात रक्ततपासणीच्या खोलीत घुगे मॅडम बसायच्या, त्यांनी ते मला चार वेळा समजावून सांगितलं होतं.

“रोजची एक गोळी असते,” मी सांगू लागले. “ती एकही दिवस न चुकवता घेतली की रक्तातला विषाणू दबून राहतो. मग दुधातून जायची भीती फार थोडी. मॅडम म्हणाल्या, सहा महिने अंगावरचंच पाज, वरचं पाणीसुद्धा देऊ नको. त्याच्या टाचेतलं रक्त घेतलं होतं, ते चांगलं आलं. गोळी रोज घेतली की...”

आणि मी थांबले.

“घेतीस ना?”

चैतन्यनं माझा पदर मुठीत धरला होता.

“द्वारका. गोळी घेतीस ना?”

“तीन आठवडे झाले बंद करून,” मी म्हणाले. “त्या गोळीनंच गरगरायचं. सकाळी उठवायचं नाही. तुम्ही बोललात ना, त्या दिवसापासून घेतली नाही.”

रेणूला दूर करायला मला क्षणभर विचार करावा लागला नव्हता. कुणी सांगावं लागलं नव्हतं. आणि जे मी जावेच्या लेकराच्या तोंडाला लागू दिलं नाही, ते तीन आठवडे, दिवसातून आठ-दहा वेळा, माझ्या हातानं माझ्या मुलाला देत होते. हे मला तोवर कळलंच नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण कुठंतरी कळत होतंच. नाहीतर मी आत्याबाईंना नाही कशाला म्हणाले असते?

मी चैतन्यला छातीपासून जरा लांब धरलं.

शिवकांताबाईंनी रेणूला दुसऱ्या बाजूला घेतलं. “ती तुझी मॅडम आज हाय का?”

“असेल. सात नंबरच्या खोलीत.”

“मग हितं काय बसलीस? जा.”

“हा उपाशी आहे सकाळपासून. त्याला आता काय पाजू?”

“त्याला दे इकडं.”

मला वाटलं, मी चुकून काहीतरी वेगळंच ऐकलं.

“दे म्हनलं ना. माझ्यापाशी दोघांना पुरंल एवढं हाय. तू ये विचारून.”

मी चैतन्यला त्यांच्याजवळ ठेवलं. भाजलेले पाय हलू न देता त्या कुशीवर वळल्या, दात आवळले, आणि माझ्या मुलाला पदराखाली घेतलं. मी दारापर्यंत जाऊन एकदा मागं पाहिलं. दोन्ही लेकरं गप्प झाली होती.

सात नंबरच्या खोलीत मी शिव्या खायच्या तयारीनंच शिरले. मागच्या खेपेला घुगे मॅडमनी विचारलं होतं, चक्कर येते का, झोप कशी लागते, आणि मी म्हणाले होते, काही नाही, सगळं ठीक आहे. त्यांच्यापुढं तक्रार केली तर गोळ्या मिळायच्या नाहीत असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. आता मी सगळं सांगून टाकलं, पडले तेसुद्धा. मॅडमनी ऐकून घेतलं. मग विचारलं, आज इकडं कुणी पाठवलं. जावेनं, मी म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“घरात एक माणूस तुझ्या बाजूचं झालं, हे फार चांगलं झालं,” त्या म्हणाल्या. “आणि एक लक्षात ठेव. चक्कर येते म्हणून गोळी सोडायची नसते, चक्कर येते म्हणून इथं यायचं असतं.”

त्यांनी जिल्ह्याच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळी त्याच दिवसापासून पुन्हा सुरू करायची ठरलं. आधी मी ती गोळी सगळी कामं उरकून, शेंगदाण्याच्या कुटाची भाजी-भाकरी पोटभर खाऊन, रात्री अकराला घ्यायची आणि चारला उठायची. डॉक्टर म्हणाले, तेलकट जेवणावर ही गोळी जास्त चढते, आणि पाच तासांत तिची गुंगी उतरत नाही. संध्याकाळी लवकर, पोट हलकं असताना घे. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर गोळी बदलून देऊ, पण सोडायची नाही. चैतन्यचं रक्त पुन्हा घेतलं. जन्मल्यावर दिलेले औषधाचे थेंब त्याला पुन्हा सुरू केले, आणि पाजणं चालू ठेवायला सांगितलं. जाऊबाईंनी त्याला पाजल्याचं कळल्यावर मॅडम जरा गंभीर झाल्या. असं पुन्हा करू नका, दुसऱ्या बाईचं दूधही तपासणीशिवाय द्यायचं नसतं, आधी मला विचारायचं, म्हणाल्या, आणि जाऊबाईंचंही रक्त तपासून घेतलं. ते चांगलं होतं, पुढंही चांगलंच निघालं. शिवकांताबाईंना हे सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, बरं, आता केलं ते केलं.

शिवकांताबाई अकरा दिवस दवाखान्यात होत्या. रेणू त्यांच्याजवळ हवी आणि त्यांना उठता येत नव्हतं, म्हणून सोबतीला मीच राहिले. गोळी सुरू झाली तशी चक्कर परत आली. पहिल्या दोन सकाळी मी खाटेची दांडी धरून उभी राहिले. त्या बघत होत्या.

“म्हंजी सोंग नव्हतं तर,” त्या म्हणाल्या. माफी वगैरे काही मागितली नाही. पण त्या दिवसापासून संध्याकाळी साडेसातला, नर्स औषधं वाटायला यायच्या आधी, त्या मला पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आणि मी गोळी गिळेपर्यंत दुसरीकडं बघायच्या नाहीत. पायांच्या आगीनं त्यांना झोप यायची नाही. दोन्ही लेकरांना त्या आपल्या दोन्ही बाजूंना घेऊन पडायच्या, चैतन्य उठला की मला हलवून जागं करायच्या, आणि त्याचं पिऊन झालं की परत आपल्याकडं घ्यायच्या. मी लग्न होऊन आल्यापासून एवढी झोपले नव्हते. आठव्या-नवव्या दिवशी मी सकाळी उठून बसले, तर समोरची खिडकी जागच्या जागी होती.

भागवत भेटायला आला तेव्हा जाऊबाईंना सांगितल्याचं मी त्याला सांगितलं. तो रागानं उठून व्हरांड्यात गेला. बराच वेळ तिथं होता. परत आला तेव्हा शिवकांताबाईंनी त्याला एवढंच विचारलं, की भाऊजी, तुम्ही तरी घेता ना वेळेवर? तो मान खाली घालून हो म्हणाला, आणि मग खाटेच्या कडेला बसून लहान मुलासारखा रडला.

घरी परतलो त्या दिवशी विचारपूस करायला सात-आठ बाया आल्या होत्या. आत्याबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. चहा झाल्यावर त्यांनी विषय काढलाच, की माझ्या नातीला त्या दिवशी या बाईनं घोटभर दूध दिलं नाही. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी उठून आत जाणार होते.

“तिच्या थानात पू झाला व्हता,” शिवकांताबाई बाजेवरूनच म्हणाल्या. “डॉक्टरनं मला दाखवलं. पाजलं असतं तर माझी पोरगी मेली असती. हिनं उन्हातान्हात दोन लेकरं उचलून आनली, म्हनून रेणू हाय.” मग आत्याबाईंकडं वळून म्हणाल्या, “आन् डॉक्टरनं सांगितलंय, तिच्या अंगात रक्त नाही. सहाच्या आत तिला उठवायचं नाही.”

पुवाची गोष्ट आणि डॉक्टरचं सांगणं खोटं होतं. बाकीचं सगळं खरं होतं. दुसऱ्या दिवशी चारला आत्याबाईंनीच चूल पेटवली.

चक्कर नंतर महिन्याभरात गेली. अधूनमधून एखादं वाईट स्वप्न पडायचं, तेवढंच. दीड महिन्यानं चैतन्यचं त्या दिवशी घेतलेलं रक्त चांगलं आल्याचं मॅडमनी कळवलं. पण शेवटचा निकाल दीड वर्षाचा झाल्यावर, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्या मधल्या काळात त्याला साधी सर्दी झाली तरी माझ्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. काही बोलायचं झालं तर मी शिवकांताबाईंपाशी जायची. त्या हातातलं काम खाली ठेवून ऐकायच्या.

चैतन्य दीड वर्षाचा झाला, तेव्हा निकालाच्या दिवशी त्या माझ्यासोबत आल्या. पायांवरचे डाग तोवर फिके झाले होते. घुगे मॅडमनी कागद उघडला आणि म्हणाल्या, चैतन्यला एचआयव्ही नाही.

शिवकांताबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांनी मॅडमना पुन्हा वाचायला सांगितलं. मॅडमनी वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं, आणि या खेपेला मॅडमच्या बोटाकडं बघत राहिल्या, कुठला शब्द कुठं आहे ते. मग पदर तोंडाला लावून त्या इतक्या मोठ्यानं रडल्या, की बाहेरच्या रांगेतली माणसं दारातून डोकावली. चैतन्य घाबरून माझ्या पायांना बिलगला.

स्टँडवर आम्ही पुरी-भाजी खाल्ली. घरातल्या पुरुषाशिवाय हॉटेलात बसायची आम्हा दोघींची ती पहिलीच वेळ. गाडीला वेळ होता. चैतन्य त्यांच्या मांडीवर झोपून गेला होता.

“याचं झालं,” त्या म्हणाल्या. “आता तुझं काय?”

मी म्हणाले, माझी गोळी चालूच राहणार.

“किती दिवस?”

“जन्मभर.”

लेकराच्या चेहऱ्यावर ऊन येत होतं, तिथं त्यांनी हात आडवा धरला.

“म्हंजी जन्म हाय तर पुढं,” त्या म्हणाल्या.

मी याआधी त्याकडं तसं कधी पाहिलंच नव्हतं. गाडी लागली. त्यांनी चैतन्यला खांद्यावर टाकलं आणि जागा धरायला आम्ही दोघी पळालो.